पहिली-दुसरीतल्या मुलाचं इंग्रजी: या चुका टाळा

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता स्वतः पालक झाली, तरी घरोघरी त्याच चुका चालू आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती स्पेलिंग घोकून वाचायला शिकवण्याची घाई. 'सी ए टी कॅट' दहा वेळा म्हणवून घेतलं की मुलाला वाचता येऊ लागलं असं घरच्यांना वाटतं. खरं तर त्याला कॅट पाठ झालेला असतो, मॅट समोर आला की ते अडतं. देवनागरीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच, क म्हणजे क. इंग्रजीत नाव सी आणि आवाज कधी क्, कधी स्. डब्ल्यूच्या नावात तर व कुठेच नाही. मूल सी, ए, टी जोडून पाहतं तेव्हा 'सीएटी' ऐकू येतं. त्यातून कॅट निघणार कसा?

म्हणून आधी आवाज, नाव नंतर. सुरुवातीला एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरं घ्या. एवढ्यातच सॅट, टॅप, पॅन, नॅप, पिन, टिन, सिट, ॲन्ट, स्पिन असे डझनभर शब्द बनतात. पुढे आठवड्याला दोन-तीन अक्षरं पुरे. सव्वीसच्या सव्वीस महिन्याभरात उरकण्यात काहीच शहाणपण नाही.

इथे मराठी मुलाची एक खास अडचण येते. प्रत्येक व्यंजनात अ मिसळलेलाच असतो अशी त्याची सवय, त्यामुळे बॅटचे आवाज ते 'ब, ॲ, ट' असे पूर्ण म्हणतं आणि जोडल्यावर तिसरंच काहीतरी तयार होतं. उपाय सोपा आहे. ज्यांचा आवाज ताणता येतो अशा अक्षरांनी शब्द सुरू करा: स्स्स्, म्म्म्, न्न्न्, फ्फ्फ्. 'म्म्म्ॲॲट' म्हणताना मध्ये अ शिरायला जागाच राहत नाही. प्, ट्, क् हे आवाज ताणता येत नाहीत, ते आधी शब्दाच्या शेवटी घ्यावेत आणि कुजबुजल्यासारखे म्हणावेत. मॅट, सॅट, नॅप पक्के झाले की मगच बॅट आणि कॅट.

दुसरी चूक इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलने मराठी उच्चार लिहिण्याची. दुसरीतली एक मुलगी पुस्तकातला धडा घडाघडा वाचायची. घरचे खूश, वर्गात शाबासकी. बाईंनी एकदा तोच धडा वाक्यांचा क्रम बदलून फळ्यावर लिहिला, आणि ती पहिल्याच ओळीत थांबली. 'हेन' कुठला आणि 'टेन' कुठला हेही तिला ओळखता येईना. वर्षभर ती पुस्तकातलं मराठीच वाचत होती. दोन लिप्या एकावर एक असल्या की नजर ओळखीच्या लिपीवरच जाणार, त्यात मुलाचा दोष नाही.  

खोडरबर घ्या आणि रोज एका पानावरचं मराठी पुसा. शाईने लिहिलं असेल तर कागदाची पट्टी चिकटवा. मूल अडलं तर पहिला आवाज तुम्ही काढा, पाच सेकंद थांबा, मग दुसरा. अर्थ तोंडी सांगा किंवा चित्र दाखवा. ओळ वाचून झाली की शब्द शेवटाकडून विचारा. पाठांतर असेल तर तिथे लगेच कळतं. द, वॉझ, सेड, वन असे काही शब्द आवाज जोडून येत नाहीत, ते आख्खे लक्षात ठेवायचे. आठवड्याला तीन, जास्त नाही.

फक्त कॅपिटल गिरवून घेणं हा वेळेचा अपव्यय. पानावरचा जवळजवळ सगळा मजकूर लहान अक्षरांत असतो, तीच आधी घ्या.

'ही गो स्कूल' म्हणाल्यावर मध्येच अडवून चूक सांगू नका. 'येस, ही गोज टु स्कूल' एवढं म्हणून बोलणं पुढे न्या. ज्यांच्या घरी इंग्रजीच बोलतात त्या मुलांनाही गोजमधला शेवटचा आवाज उशिरा जमतो.

पाहुण्यांसमोर 'काकांना पोएम म्हणून दाखव' बंद करा. सुरुवातीचे काही महिने मूल नुसतं ऐकतं, बोलत नाही. ते शिकतच असतं.

'आई, मला रेड बॉल दे' हे भाषा बिघडल्याचं लक्षण नाही. घरी मराठी सोडून मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लागणं मात्र खरंच घातक. गोष्ट सांगणं, का आणि कसं विचारणं हे मूल मराठीत शिकतं आणि त्याच्याच जोरावर पुढे इंग्रजी समजतं.

बी आणि डी उलटे होणं सात वर्षांपर्यंत चालतंच. दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

रोज दहा-पंधरा मिनिटं नियमित दिली तर सहा-सात महिन्यांत तीन अक्षरी शब्द सहज वाचता यायला हवेत. तसं झालं नाही तर आधी मराठी वाचून घ्या. मराठी नीट वाचत असेल तर अडचण बहुधा इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतीत आहे. दुसरी संपत आली तरी मराठीतही अडखळत असेल, तर शिकवणी लावण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. ते ठीक निघाले तर वाचनाच्या अडचणींची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.