बांधावरचा कॉसमॉस बी धरायच्या आत उपटा

गणपती उठले की साताऱ्याच्या आसपास रस्त्याकडेला, पडीक रानात आणि बांधांवर केशरी-पिवळा कॉसमॉस फुललेला दिसतो. देखणा म्हणून त्याला कोणी हात लावत नाही, आणि तिथेच घात होतो. मूळचा मेक्सिकोकडचा, बागेत हौसेने लावलेला. तो आता रानात शिरलाय. त्याला आवरायचे दिवस हेच.

आधी ओळख पक्की करा. आपली सोनकीही याच सुमारास पिवळी फुलते. ती इथलीच, तिला उपटू नका. सोनकी बुटकी, पाने साधी, कडेला दातेरी. कॉसमॉस कमरेच्या वर जातो, पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, फुलाला बहुधा आठ रुंद पाकळ्या. कास पठाराच्या वाटेवर ज्यांची राने आहेत त्यांनी हा फरक पोरांनाही दाखवावा. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे. सोनकीच्या जागी तिथे कॉसमॉस बघायची वेळ येऊ नये.

पाकळ्या गळाल्या की देठावर काळपट, लांबट बियांचा झुबका उघडतो. बीच्या टोकाला बारीक उलटे काटे असतात. विजारीला, बैलाच्या शेपटीला, मेंढराच्या लोकरीला ते चिकटते आणि पार दुसऱ्या शिवारात जाऊन पडते. रानात मेंढरं बसवणार असाल तर त्याआधी बांध साफ हवा.

वापसा असताना, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, मुळासकट उपटा. विळ्याने वरचेवर कापाल तर खालून फुटवे येऊन पुन्हा फुलतो. फूल न धरलेली झाडे जागेवरच आच्छादनाला चालतील. फुलावर आलेली मात्र उकिरड्यावर टाकू नका. उपटल्यावरही कच्चे बी पिकू शकते आणि शेणखतातून घरच्याच रानात परत येते. ती खड्ड्यात हातभर खोल गाडा.

सोयाबीनमधल्या कुरडू या तणाचेही तसेच. त्याचे तुरे मळणीआधी काढून घ्या, आणि दुसऱ्याच्या रानातून आलेले मळणी यंत्र झाडून घेतल्याशिवाय चालू करू देऊ नका.

तणनाशकाच्या मागे लागू नका. फुलोऱ्यात आलेल्या झाडावर ते उशिराचे ठरते. तासगाव, पलूस, मिरज भागात तर ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाला कोवळी फूट असते. शेजारच्या बांधावर मारलेल्या टू-फोर-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्याने आले तरी पाने आकसतात, घड बिघडतात. हे नुकसान भरून निघत नाही.

एका हंगामात रान निर्मळ होणार नाही, जमिनीत पडलेले बी उगवत राहते. मृगाचा पाऊस झाला की त्याच बांधांवर पुन्हा फेरी मारा. तेव्हा रोपे बोटभरच असतात, खुरप्याने झटक्यात निघतात.