किंमत बदलली की दुसरं काही? एफवायला अर्थशास्त्र घेणाऱ्यांसाठी

एफवायबीए आणि एफवायबीकॉमच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी गेली काही वर्षं दादरला अर्थशास्त्र शिकवते. जून-जुलैत येणारी बहुतेक मुलं व्याख्या पाठ करून आलेली असतात. मागणीची व्याख्या, उपयोगितेची व्याख्या, लवचिकतेचे पाच प्रकार. बारावीला त्यावर मार्क मिळाले, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. पण पदवीच्या पहिल्या सेमिस्टरला प्रश्नाचा रोख बदलतो. ‘अवकाळी पावसाने कांद्याचं पीक गेलं तर बाजारात काय होईल, आकृतीसह स्पष्ट करा’ असं आलं की नुसती घोकंपट्टी कामाला येत नाही. म्हणून मी वर्गात पहिल्याच आठवड्यात एक सवय लावायला सांगते. कुठलंही उदाहरण समोर आलं की आधी ठरवा: वस्तूची किंमत बदलली आहे, की किंमत सोडून दुसरं काही बदललं आहे?

कागद घ्या. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नग. मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी, पुरवठ्याची वर चढणारी. दोन्ही जिथे छेदतात तो समतोल. आता कॉलेजच्या गेटबाहेरची वडापावची गाडी डोळ्यासमोर आणा. गाडीवाल्याने भाव वाढवला, काही मुलांनी दुसरा वडापाव घेणं सोडलं. इथे रेषा जागेवरच आहे, आपण तिच्यावरच वर सरकलो. याला मागणीचा संकोच म्हणायचं. आता दुसरी परिस्थिती. भाव तोच, पण परीक्षा संपून सुट्टी लागली आणि गेटवर मुलंच नाहीत. या वेळी अख्खी रेषा डावीकडे सरकते, हा मागणीतला ऱ्हास. दोन्ही दिवशी गाडीवाल्याचे वडे उरले, पण पहिल्या दिवशी भाव उतरवला तर गिऱ्हाईक परत येईल. दुसऱ्या दिवशी भाव उतरवून फारसा उपयोग नाही, कारण गिऱ्हाईक घरी झोपलेलं आहे. रोग वेगळा, म्हणून औषधही वेगळं.

हा फरक पक्का झाला की दरवर्षी कोणीतरी हमखास विचारतं ती शंका आपोआप सुटते. ‘मॅडम, मागणी वाढली की किंमत वाढते, किंमत वाढली की मागणी कमी होते, मग किंमत पुन्हा खाली येणार ना?’ नाही येणार. आधी रेषा उजवीकडे सरकली, जुन्या भावाला माल कमी पडू लागला, भाव चढला. भाव चढल्यावर जे थोडे लोक मागे हटले ते नव्या रेषेवरून हटले. नवा समतोल वरच्याच भावाला जुळतो. ही आकृती पुस्तकात बघून समजल्यासारखी वाटते, पण स्वतः काढल्याशिवाय हातात बसत नाही. पेन्सिलीने काढा, अक्षांना नावं द्या, आणि कुठली रेषा सरकली ते बाणाने दाखवा.

आता कांदा. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत साठवला जातो आणि नवीन खरीप कांदा येईपर्यंत तोच पुरवायचा असतो. पावसात साठवलेला माल सडला किंवा खरिपाचं पीक लांबलं की नाशिककडच्या लासलगावच्या कांदा बाजारापासून वाशीच्या मार्केटपर्यंत आवक घटते. म्हणजे पुरवठ्याची रेषा डावीकडे. भाव मात्र एवढा का भडकतो? कारण मागणी अलवचिक आहे, म्हणजे भाव बदलला तरी ती फारशी बदलत नाही. कांद्याला फोडणीत धड पर्याय नाही, आणि महिन्याच्या एकूण खर्चात त्याचा वाटा लहान, त्यामुळे भाव दुप्पट झाला म्हणून कोणी खाणं निम्म्यावर आणत नाही. हेच गणित उलटं फिरलं की शेतकरी अडकतो. पीक उदंड आलं तरी लोक दुप्पट कांदा खात नाहीत, आणि भाव कोसळतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळातली दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवून वाचा, एक मुंबईचं आणि एक नाशिकचं. एकाच निर्णयावर दोन वेगळी दुःखं दिसतील, आणि दोन्ही खरी आहेत.

सीमांत खर्च, म्हणजे आणखी एका नगासाठी येणारा वाढीव खर्च, शिकवायला मी लोकलचा पास वापरते. महिन्याचा पास काढला की ते पैसे गेले, आज प्रवास केला काय आणि न केला काय. आता रविवारी कल्याणहून दादरला यायचं की नाही हे ठरवताना पासाची किंमत मध्ये आणायची नसते. त्या एका फेरीसाठी तिकिटाचा वाढीव खर्च शून्य आहे. पण संधी खर्च, म्हणजे त्यासाठी जे सोडावं लागतं ते, शून्य नाही. गाडीतला वेळ, आणि त्या वेळात घरी बसून झाला असता तो अभ्यास, ही त्या फेरीची किंमत.

सगळ्यात जास्त वेळ मी घेते तो कमाल किंमत मर्यादेवर, म्हणजे ठरावीक भावापेक्षा जास्त घ्यायचं नाही या सरकारी बंधनावर. पाठ्यपुस्तकांत याचं उदाहरण अनेकदा परदेशी शहराचं असतं, आणि मला ते पटत नाही, कारण मुंबईइतकं सविस्तर उदाहरण सापडणं कठीण. १९४७ च्या भाडे कायद्याने इथली प्रमाणित भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धानंतरचं शहर, घरांची टंचाई, भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. भाड्याची पावती दुधाच्या महिन्याच्या बिलापेक्षा लहान असायची. त्या भाड्यामुळेच छापखान्यात आणि गिरणीत काम करणाऱ्यांची मुलं शहराच्या मध्यात राहून शिकली. आणि त्याच चाळीचा मागचा जिना लाकडी टेकूंवर उभा होता. येणाऱ्या भाड्यात त्याची दुरुस्ती कोण करणार?

आकृतीत समतोलाच्या खाली एक आडवी रेषा ओढा. त्या भावाला घरं हवी असणारे जास्त, द्यायला तयार असणारे कमी. मधलं अंतर म्हणजे तुटवडा. तो कायद्याने नाहीसा होत नाही, दुसऱ्या वाटांनी बाहेर पडतो. मुंबईत तो पागडीतून, म्हणजे खोली मिळवण्यासाठी भाड्याशिवाय द्याव्या लागणाऱ्या एकरकमी पैशातून बाहेर पडला, रिकाम्या खोल्यांना लागलेल्या कुलपांतून बाहेर पडला. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं आतबट्ट्याचं झालं आणि मालकीचे फ्लॅट वाढले. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सेस, म्हणजे खास कर, आणि दुरुस्ती मंडळ आणावं लागलं. गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली.

उत्तरात ‘म्हणून भाडे नियंत्रण वाईट’ असं एका ओळीत लिहून मोकळे होऊ नका. ज्याला १९४७ मध्ये खोली होती त्याला आधार मिळाला. जो नंतर शहरात आला त्याला त्या भाड्याची खोली मिळालीच नाही. कोणाला मिळालं, कोणी मोजलं आणि कधी मोजलं, हे तिन्ही लिहा. या शहरात हा प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे. १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिताना चलनाची क्रयशक्ती स्थिर राहण्याला महत्त्व दिलं. भाववाढीचा भार पगारावर आणि मजुरीवर जगणाऱ्यांवर पडतो, हे त्यांनी नजरेआड होऊ दिलं नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. पेपर मराठीतून लिहिता येतो का, हे कॉलेजात पहिल्याच महिन्यात विचारून घ्या, परीक्षेच्या तोंडावर नको. आणि राज्याचा अर्थसंकल्प मांडण्याआधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीतून प्रसिद्ध होते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती तयार करतं, इंटरनेटवर फुकट मिळते. शेती, रोजगार, उद्योग यांतलं तुमच्या आवडीचं एक प्रकरण घ्या आणि त्यातले तक्ते वाचायला शिका. गणिताची भीती असेल तर शेकडेवारी घोटवा. लवचिकतेची बहुतेक उदाहरणं शेकडेवारीतच अडतात.

समग्रलक्षी, म्हणजे अख्ख्या अर्थव्यवस्थेचा भाग पुढच्या सेमिस्टरला आला की रिझर्व्ह बँकेचं पतधोरण वाचायला लागा. फोर्टातल्या त्या इमारतीत सहा जणांची समिती रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ठरवते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडेतिकडे, ठेवायची हे तिचं लक्ष्य. दर बदलला की नाही एवढंच बघून पान उलटू नका. निवेदनात कारणं दिलेली असतात. त्यातलं प्रत्येक कारण मागणीच्या बाजूचं आहे की पुरवठ्याच्या, ते समासात पेन्सिलीने लिहीत जा.