आमवाताची वही: सीआरपीपुढे एकक लिहा

डॉक्टर बदलले की आधीचं औषध लागू पडलं होतं का, हे फाईल चाळूनही कळत नाही. एक वही घाला, महिन्याला एक ओळ.

१. सकाळचा आखडलेपणा मिनिटांत लिहा. ‘बरं आहे’ लिहून उपयोग नाही.

२. दुखरे सांधे आणि सुजलेले सांधे वेगळ्या रकान्यांत. डॉक्टरांच्या 28 सांध्यांच्या मोजणीत पावलं येत नाहीत; तिथली सूज आवर्जून टिपा.

३. सीआरपीपुढे (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) एकक हवंच. डॉक्टर कोल्हापूरचे आणि रक्त गडहिंग्लजला तपासलेलं, असं असलं की घोळ होतो: एका लॅबचा 1.2 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आणि दुसरीचा 12 (प्रति लिटर) एकच असतो, पण आजार दहापट वाढल्यासारखा वाटतो. शक्यतो लॅब एकच ठेवा.

४. औषध बंद झालं तर कारण लिहा: मळमळ, यकृताचे रिपोर्ट बिघडले, गुण आला नाही की परवडलं नाही. पुढच्या डॉक्टरांना सगळ्यात जास्त हाच रकाना लागतो आणि नेमका तोच कोरा असतो.

मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी चालू असेल तर ठरलेला वार मुखपृष्ठावर ठळक लिहा. आमवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं.