एल्कच्या शिकारीला निघण्याआधी

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाली, त्यामुळे अमेरिकेतल्या कोलोरॅडोत येऊन रायफल हाती घेणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना घरातून काहीच शिकायला मिळालेलं नसतं. एल्क म्हणजे इथलं सांबरासारखं मोठं हरीण. त्याच्या रायफलने शिकारीचे हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, पण तयारीला उन्हाळ्यातच लागा.

परवाना आणि शिकार-प्रशिक्षणाचं कार्ड एकाच पाकिटात ठेवा. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते कार्ड लागतं. फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी रंगाचे किमान ५०० चौरस इंच अंगावर दिसायला हवेत, टोपीही त्याच रंगाची. बऱ्याच विभागांत नर मारायचा तर एका शिंगाला किमान चार टोकं, किंवा कपाळाजवळचं टोक निदान पाच इंचांचं असावं लागतं. झाडीतून टोकं मोजता येत नसतील तर बोट चापावर नेऊच नका.

रायफल मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची हवी, हा हट्ट सोडा. दणक्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटत असतील, तर मोठी गोळी काय कामाची? शिकारीला जी काडतुसं नेणार त्यांनीच नेम जुळवा, आणि प्रवासात स्कोपला (रायफलवरच्या दुर्बिणीला) धक्का बसतो म्हणून कॅम्पवर पोचल्यावर पुन्हा तपासा. टेबलावर टेकवून सराव पुरत नाही. गुडघ्यावर, बसून, पाठपिशवीवर टेकवून, थोडं धावून धाप लागल्यावरही गोळ्या झाडून बघा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या पोळीएवढ्या वर्तुळात बसतात, तीच तुमची मर्यादा.

वाऱ्यासाठी टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात असू द्या. पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर. चिमूटभर पावडर उडवली की ती कुठे सरकते ते दिसतं. एल्क एकवेळ तुम्हाला बघून क्षणभर थबकेल, वास लागला तर थांबणार नाही.

गोळी सुटल्यानंतरची तयारी मात्र फार कमी लोक करतात. माझ्या पहिल्या वर्षी नर आडवा उभा होता, खांद्यामागे गोळी लागली आणि तो काहीच न झाल्यासारखा चार पावलं चालला. मी बघत राहिलो. लगेच दुसरं काडतूस चढवून पुन्हा गोळी घालायला हवी होती. तो दाट झाडीत शिरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. रात्र गोठवणारी होती, तरी त्या जाड केसाळ कातडीखाली मागच्या मांड्यांतलं मांस हाडाजवळ आंबलं होतं. तो वास अजून नाकात आहे.

म्हणून एल्क उभा असेपर्यंत गोळी झाडत राहा. तो दिसेनासा झाला तर शेवटचा जिथे दिसला ते झाड लक्षात ठेवा. रक्त फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुसाला लागलंय, अर्ध्या तासाने निघा. हिरवट, घाण वासाचं असेल तर आतड्याला लागलंय, मग काही तास थांबा. घाईने मागे लागलात तर तो दरीपलीकडे जाईल.

मांसासाठी दोन सुऱ्या, मांसाच्या पाच-सहा सुती पिशव्या, दोर आणि हेडलॅम्प घ्या. पूर्ण वाढलेल्या नराचं हाडं काढलेलं मांसही ऐंशी-नव्वद किलो भरतं, म्हणजे पाठीवरून तीन-चार खेपा. रस्त्यापासून किती लांब गोळी झाडायची, ते या खेपा मोजून ठरवा. कातडी तिथेच उतरवा, मांस सावलीत टांगा, आणि नर-मादी ओळखण्याची खूण कापून टाकू नका, तपासणीत ती मांसाला जोडलेलीच असावी लागते.