एलएक्यू आला की: नाशिकहून मंत्र्यांच्या उत्तराची तयारी

अधिवेशन मुंबईत असो की हिवाळ्यात नागपूरला, नाशिकवरच्या विधिमंडळ प्रश्नाची (एलएक्यू) खरी तयारी नाशिकमध्येच होते. मंत्री सभागृहात वाचतात ते पान मंत्रालयातल्या कार्यासनाने तयार केलेले असते, पण त्यातला आकडा निघतो सुरगाण्याच्या रुग्णालयातल्या नोंदवहीतून किंवा मालेगावच्या एखाद्या पोलीस ठाण्यातून. धोरण विचारले तर मंत्री निभावून नेतात. अडकतात ते आकड्याची हद्द कोणती, तारीख कोणती आणि व्याख्या कोणती या तीन ठिकाणी, आणि ही तिन्ही जिल्ह्यातूनच पक्की करून पाठवावी लागतात.

कागद हातात पडला की आधी प्रश्न तारांकित आहे, अतारांकित आहे की लक्षवेधी, ते पाहा. अतारांकितला लेखी उत्तर पुरते. तारांकितला उपप्रश्न येतात, म्हणून उत्तर एक पान आणि मंत्र्यांच्या हाताशी राहणारी टिप्पणी पाच पाने असा हिशेब धरा. मग प्रश्नाचे भाग सुटे करा. पहिल्या भागात “हे खरे आहे काय” असते, पुढे “असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, कोणती कार्यवाही केली” आणि शेवटी “नसल्यास, विलंबाची कारणे काय”. घात बहुतेक पहिल्या भागातच होतो. समजा, एका महिन्यात ४० अर्भके दगावली हे खरे आहे काय असे विचारले आणि नोंदीत ३८ निघाली. “हे खरे नाही” लिहून खालच्या सगळ्या भागांना “प्रश्न उद्भवत नाही” ठोकून देण्याचा मोह होतो. शब्दशः ते चूकही नाही. पण पहिल्याच उपप्रश्नात ३८ बाहेर येतात आणि मंत्री दोन बाळांच्या फरकावर वाद घालताना दिसतात. “हे अंशतः खरे आहे” लिहा, ३८ तिथेच द्या आणि चौकशीच्या भागाला पूर्ण उत्तर द्या.

नंतर प्रश्न नक्की कोणाचा ते ठरवा. सिव्हिल हॉस्पिटल सार्वजनिक आरोग्य विभागाचे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, त्यांची माहिती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून (डीएचओ). नाशिकरोडचे बिटको आणि द्वारका भागातले डॉ. झाकीर हुसेन ही महापालिकेची रुग्णालये, तिथे नगर विकास विभाग येतो. वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, अंगणवाडी महिला व बाल विकासकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे. औषधाच्या दर्जाचा मुद्दा असेल तर अन्न व औषध प्रशासन. आश्रमशाळेतले मूल सिव्हिलमध्ये दगावले तर एकाच प्रश्नात तीन दरवाजे असतात: शाळेचा प्रकल्प अधिकारी, उपचार करणारे रुग्णालय आणि अकस्मात मृत्यूची नोंद घेणारे पोलीस ठाणे. तिघांकडून एकाच दिवशी, एकाच प्रपत्रात माहिती मागवा, नाहीतर मृत्यूच्या तीन वेगवेगळ्या वेळा मंत्रालयात पोहोचतात. प्रश्न चुकून आपल्याकडे आला असेल तर त्याच दिवशी तसे कळवा. हस्तांतरण मंत्रालयात होते आणि तोवर मुदत काही थांबत नाही.

आता हद्द. “नाशिक” या एका शब्दात निदान पाच नाशिक दडलेले असतात. महसुली जिल्हा १५ तालुक्यांचा. जिल्हा परिषदेचा आकडा म्हणजे फक्त ग्रामीण भाग. नाशिक आणि मालेगाव या दोन महापालिका त्याबाहेर. महसुली विभागाचा आकडा पाच जिल्ह्यांचा, त्यात धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर येतात, आणि आरोग्य उपसंचालकांकडून आलेल्या तक्त्यावर “नाशिक” एवढेच लिहिलेले असले तर तो जिल्ह्याचा की परिमंडळाचा हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. पोलिसांचे तर सरळ दोन भाग, शहर आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर हद्द पूर्ण शब्दांत लिहा.

बेरजेतली ठरलेली चूक अशी. बाळ पेठच्या रुग्णालयात जन्मले, सिव्हिलला पाठवले आणि तिथे दगावले. तालुक्याने नोंद केली, सिव्हिलनेही केली, आणि दोन्ही तक्ते जोडले की एकाचे दोन झाले. यावर उपाय एकच: ओळनिहाय यादी मागवा, ज्यात आईचे गाव, जन्माचे ठिकाण, दाखल होण्याची तारीख, मृत्यूचे ठिकाण आणि कारण असे रकाने असतील, आणि दुबार ओळी काढून मगच बेरीज करा. ही यादी कार्यालयात ठेवायची. वर फक्त गोषवारा जातो.

व्याख्येवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण आरोग्य आणि बालकांच्या प्रश्नात आमदार आणि वर्तमानपत्र एकच शब्द वापरतात आणि खात्यांकडे त्याचे चार अर्थ असतात. जन्मापासून २८ दिवसांच्या आतला मृत्यू नवजात मृत्यू, एक वर्षाच्या आतला अर्भक मृत्यू, पाच वर्षांच्या आतला बालमृत्यू. पोटातच दगावलेले बाळ यापैकी कशातच मोजायचे नाही, तो उपजत मृत्यू वेगळ्या रकान्यात. अर्भक मृत्युदर दर १,००० जिवंत जन्मांमागे काढतात, तर नवजात शिशू दक्षता कक्षातले प्रमाण दाखल झालेल्या बाळांमागे. कक्षात आधीच अत्यवस्थ बाळे येतात, त्यामुळे तिथले शेकडा प्रमाण जिल्ह्याच्या दराशेजारी ठेवले की रुग्णालय विनाकारण कसाईखाना दिसते. आणखी एक: नमुना नोंदणी पद्धतीचा (एसआरएस) अर्भक मृत्युदर राज्य पातळीचा असतो. “नाशिकचा एसआरएस दर” असे कोणी लिहून आणले तर तो कागद परत करा.

कक्षाच्या मृत्यूंची विभागणी दोन प्रकारे करून ठेवा: तिथेच जन्मलेली आणि बाहेरून आणलेली, जन्मवजन २,५०० ग्रॅमच्या वर, १,५०० ते २,५०० आणि १,५०० च्या खाली. सोबत वॉर्मर (बाळाला ऊब देणारी यंत्रे) किती, त्यातले चालू किती, त्या महिन्यात एका वॉर्मरवर किती बाळे ठेवावी लागली, प्रत्येक पाळीत परिचारिका किती. उपप्रश्न इथूनच येतात.

कुपोषणात सॅम (तीव्र) आणि मॅम (मध्यम) यांची गल्लत कायमची. सॅम म्हणजे उंचीच्या मानाने वजन फार कमी, किंवा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा दोन्ही पायांवर सूज. मॅमचा दंडघेर ११.५ ते १२.५ च्या आत. हा दंडघेर ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा. “तीव्र कमी वजन” मात्र वयाच्या मानाने मोजतात, तो वेगळाच आकडा आणि बहुधा मोठा. दोन्ही एका ओळीत आले की विरोधक म्हणणार आकडा लपवला, आणि त्यांचे काही चूक म्हणता येणार नाही. अमृत आहार या आदिवासी भागातल्या पोषण योजनेबद्दल विचारणा असेल तर पैसा आदिवासी विकासचा आणि वाटप अंगणवाडीचे, हे टिप्पणीत आधीच लिहा.

तारखेचे थोडक्यात. आरोग्याचे आकडे एप्रिल ते मार्च, गुन्ह्यांचे जानेवारी ते डिसेंबर. एका तक्त्यात मिसळू नका. प्रत्येक आकड्याखाली “दिनांक अमुक अखेर” हवेच. २१ एप्रिल २०२१ ला झाकीर हुसेन रुग्णालयातल्या ऑक्सिजन गळतीत मृतांचा आकडा त्या दिवशी २२ सांगितला गेला आणि पुढे तो २४ झाला. दोन्ही आपापल्या तारखेला बरोबर. तारीख नसती तर दोन्ही संशयास्पद. न्यायालयातल्या प्रलंबित प्रकरणांचा आकडा नॅशनल ज्युडिशिअल डेटा ग्रिडवरून घेतला तर तारखेसोबत वेळही लिहा, तो रोज हलतो.

न्यायाच्या प्रश्नात काय लिहायचे याहून काय लिहायचे नाही हे आधी पक्के करा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड होईल असे काहीही छापता येत नाही, आणि त्यात नावासोबत पत्ता आणि शाळाही येते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव गाळले म्हणजे काम झाले असे समजू नका. “अमुक पाड्यावरची, अमुक आश्रमशाळेत सातवीत शिकणारी” एवढ्याने अख्खा तालुका ओळखतो. तालुका आणि वयोगट, यापलीकडे जाऊ नका. गुन्हा नोंदवलेल्या मुलाला “बालगुन्हेगार” लिहू नका, “विधिसंघर्षग्रस्त बालक” लिहा. बाल न्याय मंडळाची प्रलंबित प्रकरणे देताना चार महिन्यांच्या वरची वेगळी दाखवा, कारण चौकशीची मूळ मुदत तेवढीच आहे.

पोक्सोचा (बालकांवरील लैंगिक अपराधांचा कायदा) तक्ता पाच रकान्यांचा करा: दाखल, दोषारोपपत्र, प्रलंबित, निकाली, शिक्षा. शिक्षेचे प्रमाण निकाली प्रकरणांवर काढायचे. दाखल गुन्ह्यांवर काढले तर ते हास्यास्पद कमी येते आणि मंत्री स्वतःच्याच पोलिसांना बुडवतात. कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे बालकाची साक्ष दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षाच्या आत, म्हणून वर्षावरची प्रकरणे आणि त्यांची कारणे हाताशी हवीत: न्यायवैद्यक अहवाल बाकी, साक्षीदार स्थलांतरित, सरकारी वकिलाचे पद रिक्त. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता, त्या दिवसापासूनच्याला भारतीय न्याय संहिता. कलमे सरमिसळ झाली की सभागृहातले वकील आमदार सोडत नाहीत. अत्याचारपीडितांसाठीची मनोधैर्य योजना महिला व बाल विकासची, पण अर्थसहाय्याचा निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, त्यामुळे ती माहिती वेगळ्या पत्राने मागवा.

न्यायाधीशांविषयीचे वाक्य दोनदा वाचा. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कर्तव्यातील वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायला संविधानाच्या अनुच्छेद २११ ने मनाई आहे. खालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे. “न्यायालयाने उशीर केला” असे कुठेही नको. शासनाने काय केले तेवढे द्या: पदे मंजूर किती, इमारत कुठवर, कर्मचारी किती, निधी किती. आणि “प्रकरण न्यायप्रविष्ट आहे” ही पळवाट म्हणून वापरू नका. खटला न्यायप्रविष्ट असतो. रुग्णालयातली बंद पडलेली लिफ्ट नसते.

टिप्पणीच्या शेवटी दहा-बारा संभाव्य उपप्रश्न आणि प्रत्येकाचे दोन ओळींचे उत्तर जोडा. मग सगळे मोठ्याने वाचा आणि “तपासून घेऊ”, “चौकशी करू”, “विचाराधीन आहे” असे शब्द शोधा. हे आश्वासन ठरतात, विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातात आणि वर्षभराने फिरून तुमच्याच टेबलावर येतात. पाळता येत असेल तर मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामासह लिहा, नाहीतर झाले ते आणि उरले ते एवढेच सांगा.

पाठवताना युनिकोडच वापरा. जुन्या फॉन्टमधली फाईल मंत्रालयात उघडली की जोडाक्षरे आणि कधीकधी आकडेही फुटतात, म्हणून सही केलेली पीडीएफ आणि वर्ड दोन्ही जोडा. रिकामा रकाना ठेवू नका: शून्य असेल तर “निरंक”, माहिती आली नसेल तर “अप्राप्त”, आणि कोणाकडून अप्राप्त तेही. जावक क्रमांक घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आकडा मेलमधल्या आकड्याशी जुळतो का ते पाहा.

प्रश्नोत्तराच्या तासाला सभागृहातल्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलेल्या माणसाचा फोन येईल असे धरून एक माणूस मूळ यादीसह टेबलावर हवा. त्याने कागदावर नसलेला आकडा तोंडी सांगायचा नाही. प्रश्न पुकारला गेला नाही तरी छापील उत्तर नोंदीत राहते. चर्चा झाली तर कामकाजाची असुधारित प्रत मिळवा, मंत्री प्रत्यक्ष काय बोलले त्यावर खूण करा, आणि टिप्पणीत नसलेले जे काही बोलले गेले ते त्याच आठवड्यात सिव्हिल, जिल्हा परिषद आणि दोन्ही पोलीस कार्यालयांना लेखी कळवा.