आफ्रिकेतल्या वन्यजीव कॅम्पला स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

ताडोबा-पेंचच्या सफाऱ्या झाल्या, पक्षीनिरीक्षणाची गोडी लागली, की पुढचं स्वप्न दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर नाहीतर केनियातलं मसाई मारा. पर्यटक म्हणून जाणाऱ्याची काळजी हॉटेल आणि गाईड घेतात. स्वयंसेवकाचं तसं नसतं. तिथल्या मोजक्या कर्मचाऱ्यांच्या हाताखाली काम करायचं असतं, आणि आपण आजारी पडलो किंवा कागदपत्रांत अडकलो, तर त्यांचा दिवस प्राण्यांऐवजी आपल्यामागे जातो. म्हणून तयारी नीट हवी.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: छाव्यांना दूध पाजायला जाणं

ही चूक विमानात बसण्याच्या कितीतरी आधी, कॅम्प निवडताना होते. जाहिरातीत कुणी सिंहाच्या छाव्याला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत असेल, तर तिथे पैसे भरू नका. 'आईने टाकलेली अनाथ पिल्लं' असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा ती आईपासून मुद्दाम काढलेली असतात. रानातली सिंहीण छाव्यांना दीड-दोन वर्षं सांभाळते आणि तोवर सहसा पुन्हा माजावर येत नाही. छावे लवकर काढून घेतले, की ती काही आठवड्यांत पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे फोटोसाठी पिल्लांचा पुरवठा चालूच.

मोठे झालेले हे सिंह रानात सोडता येत नाहीत, कारण त्यांना माणसाची भीतीच राहिलेली नसते. काहींना पर्यटकांसोबत चालवलं जातं, पुढे कित्येकांना कुंपणाच्या आत शिकाऱ्यांसमोर उभं केलं जातं आणि हाडं आग्नेय आशियाच्या बाजारात जातात. दक्षिण आफ्रिकेने २०१७ साली अशा पाळीव सिंहांच्या ८०० सांगाड्यांच्या निर्यातीला अधिकृत मंजुरी दिली होती. मे २०२१ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी पिंजऱ्यातली सिंहपैदास थांबवण्याचं धोरण जाहीर केलं, पण घोषणा झाली म्हणून ती केंद्रं लगेच बंद झाली नाहीत. आपली फी हेच त्यांचं उत्पन्न आहे. प्राण्यांवरच्या मायेपोटी गेलेल्या माणसाच्या पैशातून हे चालावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पैसे भरण्याआधी ई-मेलने सरळ विचारा: स्वयंसेवकांना हिंस्र प्राण्यांना हात लावायला मिळतो का? तुमच्याकडे पैदास होते का? आधी वाढवलेले प्राणी आज कुठे आहेत? आम्ही गोळा केलेली माहिती कोण वापरतं? चांगला कॅम्प पहिल्या दोन प्रश्नांना 'नाही' म्हणतो आणि शेवटच्या दोन्हींना तपशीलवार उत्तर देतो. उत्तराऐवजी नुसते गोड फोटो आले, तर दुसरा कॅम्प शोधा. तिथे पोहोचल्यावर फसगत लक्षात आली, तर छावे हाताळायला ठाम नकार द्या, फोटो टाकून जाहिरात करू नका आणि शक्य तितक्या लवकर निघा. परतीच्या तारखेत बदल करता येईल असं तिकीट त्यासाठीच घ्यावं.

खरं काम कसं असतं

रोज सिंह दिसतील ही अपेक्षा सोडा. कॅमेरा ट्रॅपची, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची, कार्डं बदलायची, हजारो फोटो चाळून प्राण्यांची नोंद करायची, चोरट्या शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फासे शोधत रांगेने चालायचं, परदेशी झुडपं उपटायची, असं काम असतं. क्रुगर परिसरात सतावणाऱ्या झुडपांत आपली सह्याद्रीतली घाणेरीही आहे, त्यामुळे कोयता चालवायची थोडी सवय इथेच करून घ्या.

कॅमेरा ट्रॅप लावताना नवख्यांच्या दोन चुका ठरलेल्या. बॅटरी बदलल्यावर काही मॉडेलचं घड्याळ मूळ तारखेवर जातं आणि ते न तपासता कॅमेऱ्याचं झाकण लावलं, की पुढच्या साऱ्या नोंदींचा काळ चुकतो. दुसरी, समोरचं गवत न कापणं. वाऱ्याने पातं हललं तरी कॅमेरा चालू होतो, आणि मग तीन हजार फोटोंत गवतच गवत. गवत कापा, तोंड शक्यतो उत्तर किंवा दक्षिणेला ठेवा म्हणजे उगवता-मावळता सूर्य थेट लेन्सवर येत नाही, आणि निघण्यापूर्वी समोरून स्वतः चालत जाऊन तो टिपतोय का ते पाहा. फासा सापडला, तर लगेच तोडू नका. आधी सोबतच्या रेंजरला हाक मारा आणि जागेची नोंद होऊ द्या. तो कुणी, कुठून आत शिरून लावला याचा माग त्यावरूनच लागतो.

कागदपत्रं आणि लशी

'टुरिस्ट व्हिसा आहे, चालून जाईल' हे गृहीत धरू नका. बिनपगारी काम असलं, तरी अनेक देशांत त्यासाठी वेगळी परवानगी लागते. कॅम्पकडून लेखी पत्र मागवा आणि त्या देशाच्या दूतावासाला नेमकं काय करणार ते सांगून विचारा.

पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीत आपल्याकडचे लोक सर्वाधिक अडकतात. केनिया, युगांडा, इथिओपिया हे देश या रोगाच्या यादीत आहेत. तिथून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दक्षिण आफ्रिकेत हा रोग नाही, म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि स्वस्त पडतं म्हणून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट काढतात. तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात, तर दक्षिण आफ्रिकाही प्रमाणपत्र मागते. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तारीख लवकर मिळत नाही. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते केंद्रावरच पाहा. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

विम्याची पॉलिसी घेताना दूरच्या ठिकाणाहून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का आणि स्वयंसेवी शारीरिक काम वगळलं आहे का, हे वाचूनच सही करा.

'आपल्याला डासांची सवय आहे'

ही सवय तिथे कामाला येत नाही. आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो आणि उपचाराला उशीर झाला तर जीव जातो. घरात पडलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या तिथे उपयोगाच्या नाहीत, होमिओपॅथीच्या गोळ्यांनी मलेरिया टळत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन, काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. दोन्ही गोळ्या जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात. मात्र धोक्याचा भाग सोडल्यावर पहिली ७ दिवस आणि दुसरी ४ आठवडे चालू ठेवावी लागते, आणि घरी आल्यावर लोक नेमकी तीच सोडतात. डॉक्सिसायक्लिनने ऊन लागून कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, तेव्हा सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. गोळ्या घ्यायच्याच नसतील, तर मलेरिया नसलेली अभयारण्यं निवडा. दक्षिण आफ्रिकेतली मादिक्वे, पिलानेसबर्ग आणि अ‍ॅडो ही त्यातली.

गवतातून चालल्यावर रोज संध्याकाळी अंगावर गोचिडी शोधा: मोज्यांच्या कडेला, गुडघ्यामागे, जांघेत. टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा काडेपेटीचे उपाय करू नका. चाव्याच्या जागी काळी खपली धरली आणि ताप, डोकेदुखी सुरू झाली, तर तो गोचीडताप असू शकतो. विदर्भात स्क्रब टायफसची अशीच खपली पाहिलेल्यांना ती ओळखू येईल. डॉक्टरांना दाखवा, योग्य प्रतिजैविकाने तो बरा होतो. आणि तळ्यात-बंधाऱ्यात पोहू नका. मगरी-पाणघोडे नसले, तरी गोगलगायींतून पसरणारा बिल्हार्झिया हा कृमींचा आजार असतो.

बॅग भरताना

जून ते ऑगस्ट दक्षिण आफ्रिकेत हिवाळा असतो. पहाटे उघड्या गाडीत बसल्यावर लोवेल्डमध्येही, म्हणजे क्रुगरच्या सखल, उष्ण भागातही, हुडहुडी भरते. कानटोपी, हातमोजे, जाड जॅकेट न्या. लष्करी छापाचे कपडे झिम्बाब्वे, झांबिया, युगांडात नागरिकांना चालत नाहीत, ते घरीच ठेवा. गडद निळ्या-काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या येतात. खाकी, मातकट रंग बरे.

चिवडा-लाडूंचा डबा न्या, पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नको. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि केनियातला दंड जबर आहे. कापडी पिशव्या वापरा. शाकाहारी असाल तर महिनाभर आधी कळवा. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा (दक्षिण आफ्रिकेत 'पाप', केनियाकडे 'उगाली') आणि सोबत पालेभाजी, कडधान्य बहुतेक ठिकाणी असतं. खाऊ तंबूत ठेवू नका, बबून तंबू फाडतात. बूट बाहेर काढून ठेवले, तर तरस ते उचलून नेतं.

प्लगचं सोपं आहे. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात आपला गिझरचा मोठा १५ अँपिअरचा प्लग बसतो, केनिया-टांझानियात ब्रिटिश चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागतो. मलेरियाच्या गोळ्या, पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड, दुर्बीण आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. सामान हरवलं तरी काम सुरू करता येतं.

फोटो

गेंड्याचा फोटो तिथे असताना टाकू नका आणि फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकारीत ४२० गेंडे मारले गेले. रस्त्याची खूण किंवा टेकडीची ओळखू येणारी कड एवढ्यावरूनही शिकाऱ्यांना माग काढता येतो. कॅम्पने परवानगी दिली, तरच टाका, आणि जागेचं नाव न लिहिता.

परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, अगदी 'व्हायरल असेल' असं वाटलं, तरी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आफ्रिकेत जाऊन आलोय, आणि त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करून घ्या. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर ती पुन्हा करायची असते.