नवरा-बायकोने मिळून साइडकार शिकायची तर

गेल्या वर्षी आमच्याकडे साइडकार लावलेली, म्हणजे बाजूला एका चाकाची बसायची बैठक जोडलेली, जुनी बुलेट आली. सासरे चेतकला साइडकार लावून सगळं घर सारसबागेत न्यायचे, ते नवऱ्याच्या डोक्यातून इतकी वर्षं गेलंच नव्हतं, शिवाय आता सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवत नाही आणि जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाले मान हलवतात, म्हणून घेतली. नवरा म्हणाला, "३० वर्षं बुलेट चालवतोय, हिला एक चाक जास्त, एवढंच." सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना पहिल्याच डाव्या वळणाला साइडकारचं चाक हवेत गेलं आणि वॉचमनकाका खुर्ची टाकून पळाले. मग शिकवणारा शोधला, दोघांनी मिळून शनिवार-रविवार कोर्स केला, आणि तेव्हापासून ओळखीतले दोघेतिघे विचारतायत की कसं काय केलंत, तर एकदाच लिहून टाकते.

आधी हे डोक्यात घट्ट बसवा की चालवायच्या बाबतीत ही मोटरसायकल नाहीच. दोनचाकी आपण वळताना झुकवतो, आणि जरा वेग असला की डावीकडे जायला नकळत डावी मूठ पुढे ढकलतो, हे इतकं अंगात भिनलेलं असतं की तू असं करतोस असं सांगितलं तरी कोणाला पटत नाही. साइडकारवाली गाडी झुकत नाही. डावीकडे जायचं तर हँडल सरळ डावीकडेच फिरवायचं, रिक्षावाला फिरवतो तसं, आणि ती आपल्याला आत घ्यायच्या ऐवजी बाहेर फेकते. म्हणजे दोनचाकीवर ज्याचा हात जास्त बसलेला, तोच इथे जास्त अडखळणार. मी लूनावर शिकले, नंतर जन्मभर बिनगियरची स्कूटर, तर मी गियरशी झगडत का होईना दुसऱ्या तासाला आठचा आकडा काढत होते आणि नवरा अजून चुन्याच्या सरळ रेघेवरच. हे असं होणार हे दोघांना आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिला दिवस एकमेकांची अक्कल काढण्यात जातो.

तीनचाकीतही प्रकार आहेत, शिकवणाऱ्याला नीट सांगा की तुमची कुठली. रिक्षासारखी पुढे एक मागे दोन, कॅन-ॲम स्पायडरसारखी पुढे दोन मागे एक, आणि साइडकार. पियाज्जो एमपी थ्री किंवा यामाहा निकेनला पुढे दोन चाकं असली तरी त्या झुकतात, त्यामुळे त्या दोनचाकीसारख्याच वळतात, त्यांना इथलं काही लावू नका. अमेरिकेत मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा तीनचाकीसाठी वेगळा कोर्सच आहे, आणि वॉशिंग्टन राज्यात तर लायसन्सवर तीनचाकीची वेगळी नोंद लागते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच साइडकार जोडलेली दोनचाकी म्हणजे मोटरसायकल, त्यामुळे गियरच्या मोटरसायकलचं लायसन्स असलं की झालं. म्हणजे कोणी तुमची परीक्षा घेणार नाही, आपलं आपल्यालाच शिकायचंय.

इथे बायकांनी एक बघा, आपल्यातल्या बऱ्याच जणींचं लायसन्स बिनगियरचं असतं. माझंही होतं. मग आधी गियरचं लर्निंग काढा, ते ६ महिने चालतं आणि पक्क्यासाठी ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे कोर्सची तारीख ठरवायच्या आधी हे उरकायला घ्या. गाडी जुनी घेत असाल तर आरसीवर साइडकारची नोंद आहे का ते पैसे द्यायच्या आधी बघा, विकणारा "होऊन जाईल हो" म्हणाला तर समजून जा.

शिकवणारा निवडताना फोनवर तीनच प्रश्न विचारा. गाडी तुमची की आमची? साइडकारमध्ये वजन ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे शिकवता का? आणि बसणाऱ्यालाही शिकवता का? तिसऱ्याला जो हसेल त्याच्याकडे जाऊ नका. आम्हाला मिळाले ते एक वयस्कर रायडर, तळेगावच्या पुढे एका बंद गोडाऊनच्या आवारात शिकवतात, प्लॅस्टिकचे ट्रॅफिक कोन नाहीत, पाण्याच्या बाटल्या आणि चुना, पण माणूस पक्का.

कपड्यांचं फार लिहीत नाही, बूट घोट्याच्या वर, पूर्ण बाह्या, ग्लोव्ह्ज, आणि हेल्मेट दोघांना, साइडकारमध्ये बसणाऱ्यालाही. आपलं पुणं हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणारं आहे हे मला माहितीये, तरीही. ओढणी मात्र घरी ठेवा, साइडकारचं चाक तुमच्या कोपरापासून हातभर अंतरावर फिरत असतं.

आता मैदानावरचं. पहिला तास फक्त पायांचा होता. दोनचाकीवर थांबलो की पाय टेकतो ना, तो इथे टेकायचा नाही, कारण गाडी पडणारच नसते, आणि डाव्या बाजूला साइडकारचे जोडणीचे दांडे असतात, पाय खाली गेला आणि गाडी इंचभर पुढे सरकली तरी घोटा दांड्याखाली सापडतो. नवऱ्याने पहिल्या १० थांब्यांत ८ वेळा पाय खाली सोडला. सरांनी काही न बोलता त्याच्या डाव्या बुटाच्या बाजूला ओला चुना लावला, दांड्यालाही लावला, आणि दर वेळी पाय खाली गेला की बूट आणि दांडा एकमेकांना कुठे घासले ते पांढरं दिसायचं. चौथ्या पट्ट्याला तो स्वतःच म्हणाला, कळलं. पाय फूटरेस्टवर ठेवून थांबायचं, एवढं साधं, पण ३० वर्षांची सवय आहे ती.

मग हँडलची ओढ. साइडकार डावीकडे असते, तिला इंजिन नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर दिला की ती मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक मारला की उलट, साइडकार पुढे जायला बघते आणि गाडी उजवीकडे. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा हात सतत काहीतरी करतच असतात. दुसऱ्या दिवशी माझे खांदे इतके भरून आले की पोळ्या बाहेरून मागवल्या, त्याचंही बजेट ठेवा.

आणि खरी गोष्ट, डावं वळण. रिकामी साइडकार हलकी असते, डावीकडे वळलं की वजन उजवीकडे जातं आणि साइडकार उचलली जाते. सर हे मुद्दाम करायला लावतात, आणि लावलंच पाहिजे, जो शिकवणारा चाक उचलायला लावत नाही त्याने अर्धाच कोर्स शिकवला असं माझं मत. रिकाम्या साइडकारने डावीकडे मोठं वर्तुळ घ्यायचं, हळूहळू लहान करत न्यायचं, एका क्षणी सीटखाली कसं तरी हलकं हलकं वाटायला लागतं, कोणी खुर्ची उचलतंय असं. तिथे घाबरून सगळं सोडायचं नाही. ॲक्सिलरेटर हळू कमी करायचा आणि हँडल किंचित उजवीकडे सोडायचं, चाक खाली येतं. हे १५-२० वेळा केलं की भीती जाते. पण मैदानात उजवीकडे मोकळी जागा असते, रस्त्यावर उजवीकडे समोरून येणारी पीएमपीची बस असते, म्हणून रस्त्यावर हा उपाय वापरायची वेळच येऊ द्यायची नाही, वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक शोधायचा नाही. उजव्या वळणाला साइडकार जमिनीला दाबून बसते म्हणून एकदम सेफ वाटतं, तिथेही आगाऊपणा नको, फार वेगात घेतलं तर मागचं चाक हलकं होतं.

आता नवरा-बायको हा विषय, ज्याच्यामुळे बहुतेक कोर्स बिघडतो. आम्ही पहिल्या दिवशी चहाच्या आधीच भांडलो. मी वळणावर होते आणि हा लांबून ओरडला, "अगं क्लच, क्लच!" मी म्हटलं, "अरे सर सांगतायत ना!" तेवढ्यात बाटली आडवी. त्यानंतर सरांनी नियम केला, हेल्मेट डोक्यात असेपर्यंत फक्त सर बोलणार. दुसऱ्याने त्या वेळात बाटल्या उभ्या करायच्या, म्हणजे हात कामात आणि तोंड बंद. आणखी एक, एकमेकांकडून शिकू नका. रात्री घरी "तुझं ना वळताना चुकतं" हे सुरू झालं तर जेवायला बसा, टीव्ही लावा, काहीही करा. त्याच्या चुका माझ्या नव्हत्याच, त्याला जुनी सवय मोडायची होती, मला पाचही गियर नवीन, त्यामुळे सल्ला देऊन उपयोग शून्य.

पण एकमेकांना बसवून फिरवायचं मात्र नक्की, कारण साइडकारमध्ये बसलेला माणूस म्हणजे नुसतं सामान नाही, तो गाडी चालवायला मदत करतो. डावं वळण आलं की त्याने डावीकडे बाहेर झुकायचं, उजव्याला गाडीकडे, उशिरा नाही, चालवणाऱ्याच्या जरा आधीच. मागच्या सीटवर कोणी असेल तर त्यानेही वळणाच्या आतल्या बाजूलाच. माझा नवरा पहिल्यांदा साइडकारमध्ये बसला तेव्हा झुकणं राहिलं बाजूला, पुढे पाय दाबून नसलेला ब्रेक मारत होता, वरून दिसत होतं मला. आमच्या खुणा दोनच, तळहात खाली दाबला की हळू, टाकीवर दोनदा थाप मारली की थांब. जास्त खुणा ठेवल्या की कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. आणि इंजिन बंद झाल्याशिवाय उतरायचं नाही, हे सासूबाईंनाही सांगितलंय, त्या ऐकत नाहीत ते वेगळं.

कोर्स संपला म्हणून लगेच लक्ष्मी रोडला जाऊ नका. आम्ही महिनाभर फक्त रविवारी सकाळी ६ ला, रेंजहिल्सच्या बाजूला. पुण्यात तीन गोष्टी त्रास देतात. एक, खड्डे, दोनचाकीला एक रेघ सांभाळली की झालं, इथे साइडकारच्या चाकाची दुसरी रेघ असते आणि पुढचं चाक वाचवलं की हमखास ते चाक खड्ड्यात. दोन, सिग्नलला गाड्यांच्या मधून पुढे घुसायची सवय, गाडी डावीकडे तीन-साडेतीन फूट जास्त रुंद आहे हे विसरलं की कोणाचा तरी आरसा गेला. तीन, पार्किंग, उरालसारख्या रशियन गाडीला रिव्हर्स गियर असतो, बुलेटला नाही, म्हणून उतारावर तोंड खाली करून कधीही लावू नका, दोघांनी ढकलूनसुद्धा ती मागे येत नाही, मदतीला पानवाला बोलवावा लागतो. सिंहगडाचा घाट पहिले काही महिने नकोच, चढताना-उतरताना अशी अवघड डावी वळणं आहेत की मैदानावरचं सगळं विसरायला होतं.

शेवटचं वजनाचं. एकट्याने जायचं तर साइडकारमध्ये ४० किलोच्या आसपास काहीतरी हवंच. आम्ही आधी वाळूची गोणी ठेवली, जुलैत पाऊस लागला आणि आत नुसता चिखल झाला, धुवायला पूर्ण रविवार गेला. आता पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन पट्ट्याने घट्ट बांधून ठेवतो. गळ्यापर्यंत भरायचे, अर्धे नकोत, वळणावर पाणी हिंदकळतं आणि ते मागे सीटवर कळतं. सासूबाई बसणार असतील तेव्हा एक कॅन काढतो, आणि त्यातलं पाणी त्या आधी तुळशीला घालून मगच गाडीत बसतात.